मागच्या भिंतीची गोधडी

लग्न होऊन मी सुरतेला आले, तेव्हा आई मला सोडायला आली होती. बमरोलीतली आमची खोली तिने आधी दारातूनच पाहिली. वर पत्रे, पुढे गल्ली, खिडकी नाही. मग आत येऊन तिने मागच्या भिंतीला तळहात लावला आणि तो पदराला पुसला. "ओल शे व माय," एवढंच म्हणाली. परत जाताना स्टेशनवर पुन्हा बजावलं, त्या भिंतीला टेकून झोपू नको, अंग धरेल.

टेकून मी कधी झोपले नाही. पण पुढे कितीतरी वर्षं त्या भिंतीसमोर बसले, आणि त्याबद्दलच मला लिहायचं आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या घशात काहीतरी अडकतं. लिहिताना तसं अडकत नाही हे मला फार उशिरा कळलं. हे कुणाला वाचून दाखवायचं नाही, म्हणून आठवतं तसं लिहिते.

भिंतीच्या पलीकडे कपडा रंगवायचं डाइंग होतं. त्यांची सांडपाण्याची नाली आमच्या भिंतीला खेटूनच गेली होती. त्यामुळे भिंत अशी कधी सुकलीच नाही. तिकडचं रंगाचं पाणी विटांमधून झिरपत झिरपत आमच्याकडे येई, पण येईपर्यंत त्याचा रंग बदललेला असे. तिकडे गडद लाल, तर इकडे फिकट, कांद्याच्या सालीसारखा. तिकडे निळा, इकडे राखाडी. खोलीत आमच्याआधी राहून गेलेल्या भाडेकरूंनी आपापल्या आवडीचे चुने लावले होते. सगळ्यात वर पिवळा. त्याचा पोपडा सुटला की खाली हिरवा, त्याच्याखाली गुलाबी, आणि अगदी आत एक निळा, जो फक्त दोन ठिकाणी दिसायचा. उन्हाळ्यात भिंतीला लोणा फुटे, म्हणजे ओलीतला खार वर येई. पांढरा, मऊ, म्हातारीच्या केसांसारखा. वर एक लोखंडी गज बाहेर आला होता, त्याच्यापासून गंजाचा तांबूस ओघळ खाली आला होता. तो खाली येता येता रुंद झाला होता आणि मध्येच थांबला होता. का थांबला, ते मला बरेच दिवस कळत नव्हतं.

प्लेगच्या साथीच्या वर्षानंतर सुरत धुऊन निघाली. गल्ल्यांत पावडर पडली, गटारं बांधली गेली, कचऱ्याच्या गाड्या रोज यायला लागल्या. पण घरांच्या आतल्या भिंतींकडे कोण बघणार? आमची भिंत तशीच राहिली.

माझे मालक लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, कामाला. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. मी घरी धागा कटिंगचं काम करायची. साडीवर मागावरच बुट्टे विणलेले असतात, आणि एका बुट्ट्यापासून दुसऱ्या बुट्ट्यापर्यंत साडीच्या उलट्या बाजूने मोकळे धागे लोंबत असतात. ते छोट्या कात्रीने कापायचे, कापड कापू द्यायचं नाही. शेजारची मावशी साड्यांचं पोटलं आणून द्यायची. ती बीडकडची, नवरा बांधकामावर, आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाची बाई उत्तर देईल. तिच्याकडे काम करणाऱ्या बायका ओट्यावर घोळका करून धागे कापायच्या. मला तिथे बसवत नसे. मी माझ्या दारात, गल्लीकडे पाठ करून बसायची. त्याने दोन गोष्टी साधायच्या: उजेड साडीवर पडायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी नजरानजर व्हायची नाही. मग मान वर केली की समोर काय, तर भिंत.

सुरुवातीला मी तिच्याकडे नुसतं पाहत असे. मग विचार करू लागले. डागाची कड नेहमी मधल्या भागापेक्षा गडद का? एकदा मुद्दाम फरशीवर चहाचा थेंब टाकला आणि वाळेपर्यंत बसून राहिले. पाणी वाळत जातं तसा रंग कडेला जाऊन बसतो. तसंच भिंतीचं होतं. लोण्याला जीभ लावून पाहिली, खारट लागला. पोपड्यावर बोटाने टकटक केलं तर काही ठिकाणी भरीव आवाज येई, काही ठिकाणी पोकळ. पोकळ आवाज आला की समजायचं, हा आता थोड्या दिवसांत पडणार. मी मनातल्या मनात पैज लावायची आणि बहुतेक वेळा जिंकायची.

गंजाचा ओघळ का थांबला तेही असंच सापडलं. तो जिथे थांबला होता तिथे कुणीतरी कधीकाळी तेलाचा हात पुसला होता. डोकं टेकून बसायची जागा असावी. तेलावर पाणी धरत नाही, म्हणून ओघळ तिथे दोन बाजूंना फुटून संपला होता. माझ्याआधी त्या खोलीत कोण बाई राहिली, तिने केसांना कोणतं तेल लावलं, कोण जाणे. पण तिचं डोकं तिथे होतं.

लोकांना ओल्या भिंतीत हत्ती-घोडे दिसतात, माणसांचे चेहरे दिसतात. मला तसं कधी काही दिसलं नाही. डाग मला डागच दिसायचा. पण हिरव्याच्या शेजारी गुलाबी आला आणि मध्ये लोण्याची पांढरी रेघ आली, की पोटात कसंतरी बरं वाटायचं, जसं आंबट खाल्ल्यावर वाटतं. हे कुणाला सांगणार?

मग बाहेर पडलं तरी डोळे तसेच फिरू लागले. उधन्याला भाजीला जाताना एक बंद दुकान लागे. त्याच्या शटरचा रंग सोलून आत गंज आला होता, आणि गंजाच्या आत पुन्हा जुना रंग बेटांसारखा राहिला होता. एका भिंतीवर जाहिरातींचे कागद एकावर एक चिकटवलेले होते. पावसाने ते फुगून फाटले होते, आणि एका फाटक्या तुकड्यात कुणाचा डोळा, त्याखालच्या तुकड्यात साबणाची वडी. मी थांबून पाहत राहिले की मालक पुढे जाऊन वळून ओरडायचे, "मांगे का ऱ्हायनी? पाय दुखी ऱ्हायना का?" मी हो म्हणायची. पाय दुखणं सांगायला सोपं.

गोधडी मी लहानपणापासून शिवते. आमच्याकडे चौकोनी ठिगळं जोडायची आणि कडेकडेने धावदोरा घालत आत आत जायचं, अशी पद्धत. सुरतेत चिंध्यांना तोटा नाही. खात्यांतून फेंट, म्हणजे उरलेले छोटे तुकडे, पोत्याने निघतात. एका हिवाळ्यात मी ठरवलं, या भिंतीसारखी गोधडी करायची.

पहिला प्रयत्न फसला. फेंटचं कापड पॉलिस्टरचं, चकचकीत. भिंत कुठे चकचकते? चार ठिगळं जोडून अंथरलं तर लग्नाच्या मांडवाची झालर वाटायला लागली. उसवून टाकलं. मग एके दिवशी धागे कापताना लक्षात आलं, की मी दिवसभर साडीची उलटीच बाजू पाहते. उलट्या बाजूला रंग पुरता पोचलेला नसतो. फिका, अर्धवट, जागोजाग सुटलेला. म्हणजे आमच्या भिंतीवर नालीचं पाणी पोचतं तसाच! मी फेंट उलटे करून लावले. मग मध्ये मध्ये जुनं सुती कापड लागलं, मऊ, खूप धुतलेलं. ते सुरतेत कुठून मिळणार, इथे सगळ्या बायका पॉलिस्टर नेसतात. सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, गावाहून दोन जुनी लुगडी पाठवली होती, मसोत्याला. ती मी मसोत्याला वापरली नाही.

पोपड्याची कड कात्रीने कापून येत नाही, ती सरळ होते. म्हणून कापड दाताने फाडून घेतलं. धावदोरा गोधडीच्या कडेने न घालता डागाच्या कडेकडेने घातला. कामाचं पोटलं संपलं की गोधडी काढायची, मालक यायच्या आत ट्रंकेमागे ठेवायची. लपवायचं असं काही नव्हतं. गोधडी शिवणं काही पाप नाही. पण कुणी विचारलं असतं, "असं वाकडंतिकडं का?" तर मला उत्तर देता आलं नसतं.

श्रावण जवळ आला तशी मालकांनी बातमी आणली. यंदा कानबाई आमच्या घरी बसणार.

कानबाई ही आमची खानदेशची देवी. श्रावणातल्या एका रविवारी भाऊबंद मिळून कुणा एकाच्या घरी तिला बसवतात. नारळाचा मुखवटा, त्याला नथ, डोळे, अंगभर दागिने. नैवेद्याच्या रोटांचा गहू दळायचा, पुरणाचा स्वयंपाक, बायकांची गाणी, फुगड्या, आणि दुसऱ्या दिवशी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत पाण्यात सोडायचं. आमचे सगळे भाऊबंद आता सुरतेतच, कुणी डिंडोलीला, कुणी सचिन गावाला. म्हणून कानबाईही गाव सोडून त्यांच्यामागे सुरतेला आली. तिला बसवायचं म्हणजे आधी घराला चुना लागलाच पाहिजे. त्यात सूट नाही. आणि आमच्या एका खोलीत तिचा चौरंग मांडायला जागा एकच होती. एका बाजूला मोरी, एका बाजूला भांड्यांची फळी, पुढे दार. राहिली मागची भिंत.

माझी गोधडी तोपर्यंत बरीच झाली होती. फक्त डाव्या हाताचा खालचा कोपरा राहिला होता. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण तो सगळ्यात अवघड. तिथे नालीचं पाणी जास्त येई, तिथेच शेवाळ, तिथेच लोणा, आणि आतला निळा दिसायच्या दोन जागांपैकी एक तिथे होती. रंग रोज थोडा बदले. पाठ होण्यासारखा तो कोपरा नव्हताच. भिंत समोर असली तरच तो मला शिवता आला असता. चुना लागण्याआधी तेवढा कोपरा कापडावर यायला हवा होता. एवढीच माझी अडचण होती, पण ती सांगायची कुणाला? "भिंत राहू द्या" असं म्हणायला कारण लागतं.

आत्या गावाहून आल्या. मालकांनी चुन्याचे खडे आणून पिंपात भिजत घातले. चुना खदखदून उकळला, खोलीभर वाफ झाली. आत्या म्हणाल्या, चांगला मुरू दे, मग लावू. म्हणजे मला तेवढा वेळ मिळाला. मी गोधडी आता उघडपणे घेऊन बसले, पण तोंड भिंतीकडे. एक टाका घालायचा, पाहायचं, पुन्हा एक टाका. कधी तर टाका न घालता नुसतंच पाहायचं.

मावशी पोटलं द्यायला आली ती दारातच थांबली.

"काय बघायलीस गं?"

मी मान खाली घातली.

"रोज बघते मी. मी आले की तू भिंतीकडं. मी गेले की भिंतीकडं. माझ्याशी एक शब्द बोलत नाहीस आन् भिंतीशी काय हितगुज चालतंय?"

मी हसले. मावशी आत आली, माझ्याशेजारी बसली आणि भिंतीकडे पाहू लागली. बराच वेळ पाहिलं तिने. मग तिने छातीवर हात ठेवला.

"बया! नथ हाय की गं ती!"

तिने गंजाच्या ओघळाच्या टोकाकडे बोट केलं होतं. तो फुटून दोन्हीकडे वळला होता ना, तिथे. "आन् ह्यो डोळा. ह्यो दुसरा. आई गं! कानबाई बसायच्या आधीच येऊन बसली व्हय!" मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण मावशी तोपर्यंत गल्लीत पोचली होती.

संध्याकाळपर्यंत ओट्यावरच्या साऱ्या बायका येऊन गेल्या. पहिल्या बाईला नथ दिसली. दुसरीला नथ आणि कपाळावरचा मळवट. तिसरी म्हणाली, मला काही दिसेना, तर बाकीच्या तिच्याकडे अशा पाहू लागल्या की ती घाईने म्हणाली, "हां हां, आता दिसली." कुणी हळद वाहिली, कुणी कुंकवाचं बोट ओढलं. मावशीने तेलात वात भिजवून तिथल्या विटेच्या खाचेत दिवा लावला आणि उरलेलं तेल भक्तीने भिंतीवर ओतलं. ते तेल कोपऱ्याच्या दिशेने ओघळत गेलं आणि मी त्याच्या धारेवरून नजर काढली नाही.

मालक पाळीवरून आले, तर दारात चपलांचा ढीग. "काय व्हयनं?" त्यांनी घाबरून विचारलं. कुणी मेलं की काय असं त्यांना वाटलं असणार. मावशीने सांगितलं. ते पिंपातल्या चुन्याकडे पाहत म्हणाले, "मंग आते चुना लावाना का नही?"

"देवीच्या तोंडाला चुना फासता व्हय?" मावशी म्हणाली. "काय बाप्या माणूस हाय! तुमच्या बायकोला पहिल्यांदा दिसली ती. तिला इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला घाम फुटला. पण खरं सांगायचं तर घामाच्या खाली एक विचारही येऊन गेला. मला काहीच करायचं नव्हतं. गप्प बसायचं होतं, जे मला जन्मभर जमतं. मी गप्प बसले तर भिंत वाचत होती. नुसती कोपरा होईपर्यंत नाही, कायमची. त्या भिंतीला मग कुणी हात लावला नसता.

आत्या इतका वेळ चुलीजवळ डाळ निवडत होत्या. भिंतीकडे त्या उठून आल्याही नव्हत्या. बायका गेल्यावर, मावशी तेवढी राहिली होती, त्यांनी सूप खाली ठेवलं आणि मला समोर बसवलं.

"तुले देवी दिसस का?"

मी सुपातली डाळ सारखी करू लागले.

"कानबाईनं नाव खोटं लेवानं नही. दिसत व्हई ते सांग, मी सोता चुना गटारमा फेकी देसू. नही दिसत व्हई ते सांग."

मी मान वर केली. आणि मला भिंत आठवली, म्हणजे समोरच होती ती, पण मी तिच्यात जे पाहिलं होतं ते आठवलं. तेलाचा डाग. पोकळ पोपडे. नथ नव्हती तिथे. मी गप्प राहिले असते तर भिंत राहिली असती, पण तिला पाहायला मला कुणी दिलं नसतं. तिच्यावर हळदीचे थर चढले असते, वर चांदीचे डोळे बसले असते, आणि माझ्या उजेडाच्या जागेत चपला.

"नाही आत्या," मी म्हणाले. "मला देवी नाही दिसत. मी रंग पाहते."

"रंग?" मावशी.

"ती नथ गंजाची आहे. तिथे खाली कुणाच्या तरी डोक्याचं तेल लागलेलं आहे, म्हणून ओघळ फुटला." एवढं एका दमात बोलले आणि कान तापले. पण सुरू झालं होतं, तर थांबेना. उठून गोधडी आणली आणि जमिनीवर पसरली. "हे पाहत होते. हे शिवायचं होतं म्हणून. हा कोपरा राहिला आहे. एवढा कोपरा होईपर्यंत चुना थांबवा."

मालक एकदा गोधडीकडे, एकदा भिंतीकडे, असे मान हलवत राहिले. मग गोधडीतल्या तांबूस पट्टीवर बोट ठेवून भिंतीवर गज शोधला आणि "हाई ते," असं स्वतःशीच पुटपुटले.

"हाई मनं लुगडं शे ना?" आत्यांनी पोपड्याजवळचा फिका हिरवा तुकडा चिमटीत धरला. मी मान हलवली. "मसोताले धाडेल व्हतं." त्यांनी तुकडा सोडला. "तू भित शिवी ऱ्हायनी?"

"हो."

"माय व माय," आत्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मावशीला हसू येत नव्हतं. तिचं साऱ्या गल्लीसमोर नाक कापलं गेलं होतं. "रंग बघती म्हणं," ती उठता उठता म्हणाली. "रंगच बघायचा तर टीव्ही घे की. पडक्या भिंतीचं कौतुक पहिल्यांदाच ऐकते बाई." आणि गेली.

आत्यांनी डोळे पुसले. मग सरळ झाल्या. "देख," त्या म्हणाल्या, "चुना तर लावनाच पडी. उद्या नही लावा ते सुकाव नही, आनि कानबाई ओल्या चुनापुढे बठत नही. तुना कोपरा एक दिसमा व्हस का?"

मी भिंतीकडे पाहिलं. दिव्याचं तेल कोपऱ्यात पोचून निळ्यावर पसरलं होतं. तो आता आधीचा कोपराच राहिला नव्हता. "नाही," मी म्हणाले.

"मंग चुना तू लाव. तुनी भित शे, तूच लाव. दुसरं कोनी लावी ते तुले वाईट लागी."

मला तेव्हा ते शिक्षेसारखं वाटलं. सकाळी मी कुंचा घेतला. आधी खरवडायचं असतं. फुगलेले पोपडे उलथन्याने काढायचे, लोणा झाडायचा, मग ओला हात फिरवायचा. हात फिरवायला लागले आणि थांबले. इतकी वर्षं मी भिंत पाहिली होती, पण तिच्यावरून हात कधी फिरवला नव्हता. टकटक केली होती, एवढंच. आता तळहाताखाली काहीतरी निराळंच लागत होतं. जिथे मला सपाट दिसायचं तिथे बारीक खड्डे होते, वाळूचे. गुलाबी आणि हिरव्याच्या मध्ये पायरी होती, नखाएवढी. शेवाळाखाली वीट गुळगुळीत, आणि तिच्या कडेला सिमेंटचा एक उंचवटा, गवंड्याची थापी फिरली तेव्हाचा, अर्धगोल. हा उंचवटा मला डोळ्यांनी कधीच दिसला नव्हता. त्या अवघड कोपऱ्यात रंग जिथे जिथे बदलत होता, तिथे तिथे खाली भिंतीचा पोत बदलत होता. रंगांचं कारण तिथे, हाताखाली होतं.

मग मी घाई केली नाही. डोळे मिटूनही हात फिरवून पाहिला. आत्या मागून म्हणाल्या, "चुना लावी ऱ्हायनी का भितले आंग चोळी ऱ्हायनी?" पण हसल्या नाहीत, आणि मला उठवलंही नाही.

चुन्याचा पहिला हात बसला तेव्हा भिंत ओली करडी दिसली. दुसऱ्या हाताला पांढरी झाली. फक्त जिथे मावशीने तेल ओतलं होतं तिथे चुना धरेना. लावला की फाटायचा. कानबाई बसली त्या दिवशी मावशी नटूनथटून आली, राग गिळून, आणि तो तेलकट पट्टा पाहताच तिचे डोळे चमकले.

"बघा! झाकत न्हाई ती! म्या म्हणलं नव्हतं?"

"तेल शे ते, माय," आत्या पुरण वाटता वाटता म्हणाल्या. "तुनंच तेल."

बायका हसल्या. मावशीही शेवटी हसली आणि फुगडीला उभी राहिली. मी चौरंगाच्या मागे एक साडी लावून तो पट्टा झाकला होता, पण वाऱ्याने ती हलायची. नारळाच्या मुखवट्यामागे पांढरी भिंत मला परक्या घरासारखी वाटत होती. वाईटही वाटत होतं, आणि मध्येच तळहात खाजल्यासारखा व्हायचा.

कानबाई गेली, भाऊबंद आपापल्या घरी गेले. आत्या चार दिवस जास्त राहिल्या. मी ट्रंकेमागून गोधडी काढली आणि राहिलेल्या कोपऱ्याला पांढरं कापड लावलं. आत्यांच्याच दुसऱ्या लुगड्याचं, जे धुवून धुवून पांढरं झालं होतं. दोराही पांढराच घेतला. रंग काही नाही. नुसते टाके. जिथे खड्डे होते तिथे बारीक, जवळजवळ. जिथे पायरी होती तिथे खाली दुमड घातली. थापीच्या उंचवट्याला आत चिंधीची सुरळी भरून अर्धगोल शिवला. हे सगळं मी भिंतीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून शिवलं. त्यासाठी आता समोर काही लागत नव्हतं.

गल्लीतून येणारीजाणारी माझ्याकडे पाहत होती. एकदोघींनी विचारलंही, काय चाललंय. "गोधडी," मी म्हणाले.

पूर्ण झाली त्या दुपारी आत्यांनी ती मांडीवर ओढून घेतली. रंगीत भागावरून त्यांची नजर भराभर गेली. पण पांढऱ्या कोपऱ्यावर त्यांचा हात थांबला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, पांढऱ्यावरचे पांढरे टाके त्यांना दिसत नसणार. त्या बोट फिरवू लागल्या.

"आठे काय शे?"

"तिथे वीट आहे. शेवाळाखालची. गुळगुळीत."

"आनि हाई खरखरीत?"

"तिथे वाळू सुटली आहे. पलीकडच्या नालीला तिथेच भोक असणार, म्हणून."

"आनि हाई काय फुगेल शे? गळू शे का?"

"गवंड्याची थापी," मी म्हणाले, आणि त्यांचा हात धरून त्या अर्धगोलावरून फिरवला. "असा हात फिरला असेल त्याचा. डावखुरा असावा."

"डावखुरा कशावरतीन?"

मग मी त्यांना भिंतीजवळ नेलं, त्यांचा तळहात चुन्यावर ठेवला आणि दाखवू लागले. त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. मालक पाळीवरून आले तेव्हा आम्ही दोघी भिंतीला हात लावून उभ्या होतो आणि चूल अजून पेटायची होती.